‘पार्ले’ म्हणजे बोलणे!

बदली होऊन चेन्नईला गेलेल्या मराठी घरात मुलांच्या दुसऱ्या भाषेचा प्रश्न हमखास निघतो. तमिळ नवी, संस्कृत अवघड वाटते. मग गुण मिळतात म्हणून फ्रेंच! पेपर छान जातो, पण मोठ्याने वाचायला सांगा, चिरंजीव अडखळतात. कारण ते फ्रेंच शब्द इंग्रजीच्या सवयीने वाचतात. खरे तर बाराखडी अधिक उपयोगी पडेल.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन आले, की ते पुढच्या स्वराला चिकटते. अननसाचा फ्रेंच शब्द अ-ना-ना (शेवटचा ‘स’ कुणी उच्चारतात, कुणी नाही). दोन व्यंजने शेजारी आली, की एक मागे राहते, एक पुढे जाते. पी-ए-आर-एल-ई-आर हा शब्द घ्या. तोडणी पार-ले, शेवटचा ‘आर’ मुका. अर्थ, बोलणे. पार्लेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! ब्ल, प्र, त्र अशा घट्ट जोड्या मात्र फुटत नाहीत. आपला टॅब्लो तिकडे ता-ब्लो होतो.

खरी गंमत ‘न’ची. चेन्नईहून दीडएकशे किलोमीटरवरच्या पुदुच्चेरीचे फ्रेंच नाव पों-दि-शे-री. इथे ‘न’पुढे व्यंजन आहे, म्हणून तो पहिल्याच तुकड्यात अडकतो आणि नाकात विरतो, जीभ टाळ्याला लावायचीच नाही. अननसातला ‘न’ पुढच्या ‘आ’कडे गेला, म्हणून स्वच्छ राहिला. शब्द कुठे तोडला, यावर उच्चार असा बदलतो. कोकणातले अनुनासिक बोलणे ज्यांच्या कानावर आहे, त्यांना हे लवकर साधेल.

वाक्यात तर शब्दांच्या भिंतीही पडतात. ‘ले’ हे अनेकवचनाचे उपपद आणि ‘आमी’ म्हणजे मित्र. एकत्र म्हणताना ले-जा-मी. उपपदाचा मुका ‘एस’ जागा होऊन ‘जरा’तल्या ‘ज’सारखा बोलतो. लेखी पेपरात हे कळत नाही, म्हणून सुटून जाते.

नुंगमबाक्कमला १९५३ साली सुरू झालेली आलियाँस फ्राँसेज ही संस्था आहे. तिथे डेल्फ परीक्षा देता येते. तिच्यात १०० पैकी २५ गुण बोलण्याचे, आणि त्यांत ५ तरी मिळवावेच लागतात; नाहीतर एकूण बेरीज कितीही चांगली असो, नापास. तेव्हा धड्यातल्या शब्दांत पेन्सिलीने उभ्या रेघा मारून रोज दहा ओळी मोठ्याने वाचायला लावा. शेवटच्या तुकड्यावर किंचित रेंगाळायचे, बाकीचे सारख्या ठेक्यात.