कागदी घोडे, आता आपोआप

सॉफ्टवेअरच्या करारात शेवटी कुठेतरी 'डॉक्युमेंटेशन' अशी एक ओळ असते. ती भागवायला हल्ली कुणाला रात्री जागवाव्या लागत नाहीत. डॉक्सिजन नावाचं मोफत साधन सोर्स कोड वाचतं, प्रोग्रॅमरनं त्यात लिहिलेल्या टिपा उचलतं आणि वेबपानं किंवा पीडीएफ काढून देतं. दिमित्री व्हॅन हीश यांनी ते १९९७ मध्ये आणलं आणि सी प्लस प्लसच्या कामात आजही ते सर्रास वापरलं जातं. मीही रोज वापरते. माझं भांडण आहे ते त्याच्या एका बटणाशी.

डॉक्सिजनचा सगळा कारभार 'डॉक्सीफाइल' या एका साध्या फाइलवर चालतो. त्यात 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' नावाचं एक सेटिंग असतं, मुळात 'नो' केलेलं. म्हणून पहिल्यांदा चालवल्यावर जेमतेम काही पानं निघतात, कारण टिपा कुणी लिहिलेल्याच नसतात. मग कुणीतरी हुशार ते 'येस' करतं. पानं भराभर वाढतात, साहेब खूश. पण हे 'येस' झालं की 'इथे टीप नाही', 'या पॅरामीटरचं वर्णन नाही' हे इशारे डॉक्सिजन आपणहून बंद करतं. त्याच्या मार्गदर्शिकेत तसं स्पष्ट लिहिलंय, वाचतो कोण?

एका पुरवठादाराचा असा भलामोठा दस्तऐवज आमच्या टीमकडे आला होता. बाणांच्या आकृत्या काय, अनुक्रमणिका काय, थाट बघण्यासारखा! मला एवढंच हवं होतं, की पंप बंद होण्याआधी किती थांबायचं हे ठरवणाऱ्या फंक्शनला सेकंद द्यायचे की मिलिसेकंद. पानावर फंक्शनचं नाव होतं, 'इंट टी' होतं, खाली कोरी जागा. उत्तर शेवटी कोडमध्येच शोधावं लागलं.

जे कुणी लिहिलंच नाही, ते यंत्र कुठून आणणार?

म्हणून आमच्याकडे 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' 'नो'च राहतं आणि 'वॉर्न ॲज एरर'ला 'फेल ऑन वॉर्निंग्ज' असतं. टीप राहिली की बिल्ड नापास. पोरं कुरकुरतात, जुन्या कोडमध्ये इशाऱ्यांचा पूर येतो, ही त्यांची तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय सोपा आहे. 'इनपुट'मध्ये सुरुवातीला फक्त बाहेरच्यांना लागणाऱ्या हेडर फाइल्स द्यायच्या, बाकीचा कोड सवडीनं. आकृत्या तर मी बंदच ठेवते.

एवढं करूनही पाट्या टाकणारे टाकतातच. 'सेट टायमर'वर टीप काय, तर 'टायमर सेट करते'. डॉक्सिजनला ती चालते, मला नाही. एकक कोणतं, शून्य दिलं तर काय होतं, हे लिहिलेलं नसेल तर रिव्ह्यूमध्ये मी कोड परत पाठवते. कटकटी बाई म्हणतात, म्हणू देत.

तुम्ही बँकेत असा, कारखान्यात किंवा नगरपालिकेत, सॉफ्टवेअर विकत घेताना पीडीएफची जाडी पाहून सही करू नका. सोबत डॉक्सीफाइल आणि इशाऱ्यांची यादी मागून घ्या, आणि 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'पुढे 'येस' दिसलं तर डॉक्युमेंटेशनचं बिल अडवा.