आभासी प्रयोगशाळा: पूरक की पर्यायी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केला, तो सर्व विद्यार्थ्यांना प्रयोगाची समान संधी लाभावी म्हणून. हेतू स्तुत्य आहे. परंतु स्वस्त वस्तू हाती येताच महाग वस्तूवरील तरतुदीला कात्री लावावयाची, ही सरकारी खर्चाची रीत जुनीच असल्याने या पुरस्काराकडे सावधपणे पाहणे अगत्याचे ठरते.

पनवेल परिसर या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. खारघरजवळ सी-डॅकच्या मुंबई केंद्राचे एक कार्यालय आहे. याच केंद्राने अमृता विश्व विद्यापीठाच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ओलॅब्ज’ ही संगणकावरील प्रयोगशाळा उभारली. शाळांना ती विनामूल्य आहे. जवळच तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे रसायनशास्त्र हा केवळ पाठ्यपुस्तकातला विषय नसून पोटापाण्याचा, आणि कासाडी नदीच्या पाण्याचाही, विषय आहे.

अणूपुरते बोलायचे तर संगणकाची बाजू भक्कम आहे. अणू शाळेच्या कोणत्याही प्रयोगशाळेत दिसत नाही; आठवीच्या विद्यार्थ्याला तो फळ्यावरील वर्तुळांतच भेटत आला. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विद्यार्थी स्वतःच अणू घडवतो. सहा प्रोटॉन ठेवले की कार्बन, सातवा टाकला की नायट्रोजन. न्यूट्रॉन कमीअधिक केले तरी मूलद्रव्य तेच राहते, मात्र केंद्रक अस्थिर होऊ शकते. मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येत असते, हे एरवी घोकून घेतले जाणारे वाक्य येथे बोटांना कळते. हे प्रयोग मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात. एका शाळेसाठी सिद्ध झालेला प्रयोग हजाराव्या शाळेला जवळजवळ फुकट पडतो. सीमांत खर्चाचे इतके अनुकूल उदाहरण शिक्षणात क्वचितच सापडेल.

मूलद्रव्यांच्या गुणधर्मांचे तसे नाही. मॅग्नेशियमची फीत जळताना डोळे दिपतात, मागे पांढरी राख उरते. कधी फीत पेटतच नाही, आणि मग तिच्यावरचा ऑक्साइडचा थर आधी घासून काढायला हवा होता हे उमगते. पडद्यावरचा प्रयोग सहसा फसत नाही, कारण त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातील भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर झळकली. कारखान्यातील रंगद्रव्याने हे घडले, एवढे वृत्तपत्रांनी सांगितले. पाण्यात काय मिसळले आहे हे ओळखावे कसे, असा प्रश्न तेथील मुलांना पडला तर त्याच्या उत्तराची सुरुवात परीक्षानळीतच करावी लागेल.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत या पूरक वस्तू होत. पडदा आला की परीक्षानळीची मागणी वाढावी. अंदाजपत्रकात मात्र त्या पर्यायी मानल्या जाण्याचा धोका आहे. संगणक एकदा खरेदी होतो, त्याचे उद्घाटन होते. आम्ल, फिती, लिटमस दरवर्षी संपतात आणि त्यांचे उद्घाटन कोणी करीत नाही. याची झळ सर्वांना सारखी बसणार नाही. सधन वसाहतींतील शाळा शुल्क वाढवून दोन्ही राखतील. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांतील मुलांच्या वाट्याला, वीज असेल त्या दिवशी, केवळ पडदा येईल. महापालिकेने व जिल्हा परिषदेने डिजिटल साहित्याच्या प्रत्येक खरेदीसोबत रसायनांच्या वार्षिक खर्चाची, अन्यत्र वळवता न येणारी, स्वतंत्र बाब धरावी. संगणकांच्या किमतीपुढे ती रक्कम फार मोठी नसेल.