निकाल त्यांचा, दंगल मात्र आमची!

दोस्तांनो, शाळेच्या पुस्तकात एक दंगल आहे, पण तिला दंगल म्हणायची सोय नाही.

22 जुलै 1908 च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची हद्दपारी ठोठावली. ज्युरीत नऊ माणसं. सात गोरे म्हणाले दोषी, दोन हिंदी म्हणाले निर्दोष. दुसऱ्या दिवशी गिरणगाव उठलं. शिक्षेच्या एका वर्षामागे एक दिवस, असा सहा दिवस संप. दगड चालले, लष्कर आलं, गोळीबारात कामगार मेले. लेनिननंसुद्धा त्याची दखल घेतली. टिळकांचे वऱ्हाडातले अनुयायी बापूजी अणे आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे, म्हणून आमचे मास्तर हा धडा छाती फुगवून शिकवायचे. निकाल अन्यायाचा, म्हणून दगड न्यायाचा. मारणारा देशभक्त.

बरोबर आहे. आम्ही कुठं नाही म्हणतो? फक्त एक विचारतो. त्याच मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात महाराला शिरकाव नव्हता. सूत तोंडानं ओढून धोट्यात ओवावं लागायचं, आणि तिथं विटाळ व्हायचा! 1928 च्या संपात बाबासाहेबांना हे चव्हाट्यावर मांडावं लागलं. निकालाविरुद्ध रस्त्यावर एक होणारा कामगार धोट्यापाशी पुन्हा सवर्ण होत होता. हा धडा मास्तरांनी कधी घेतला नाही.

आता आमची दंगल बघा.

20 मार्च 2018. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल. प्रकरण महाराष्ट्रातलंच, कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातलं. एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यावरून सुरू झालेलं. कोर्टानं ठरवलं, अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी डीवायएसपीला चौकशी करता येईल. सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्याची लेखी परवानगी, बाकीच्यांना करायची तर जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाची. अटकपूर्व जामिनाची वाटही मोकळी. का? तर म्हणे कायद्याचा गैरवापर होतो. पुरावा काय? आरोपी सुटतात, प्रकरणं खोटी म्हणून बंद होतात.

कशी बंद होतात, ते मी सांगतो.

माझा बाबा सालदार. 2016 ची दिवाळी. सालाचे राहिलेले पैसे मागायला गेला, तर मालकानं चार लोकांसमोर जात काढली आणि कानाखाली मारली. बाबा ठाण्यात गेला. दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. मग एक हवालदार म्हणाला, ‘काऊन बे, मोठ्याच्या नादी लागतं?’ कागदावर अंगठा घेतला. रात्री घरी आल्यावर बाबानं तो कागद माझ्या हातात दिला. ‘तू दहावी पास हायेस. काय लिवलं थे वाच.’

मी वाचलं. अदखलपात्र. पैशावरून किरकोळ वाद. जात नाही, शिवी नाही, थप्पड नाही.

बाबा म्हणाला, ‘इतकंच?’

दुसऱ्या दिवशी मालकानं कापूस चोरल्याची तक्रार दिली. ती मात्र दखलपात्र!

बाबाचं प्रकरण कोर्टात गेलंच नाही. त्याचा निकाल ठाण्याच्या टेबलावर लागला. असे निकाल कोणत्याही लॉ रिपोर्टात छापून येत नाहीत. आणि त्यातलं एखादं प्रकरण चुकून वर गेलंच, तर साक्षीदार फुटतो, पंच फिरतो, आरोपी सुटतो. मग दिल्लीतले न्यायमूर्ती आकडा मांडतात, ‘बघा, खोट्या केसेस!’ आधी पाय तोडायचे, मग लंगडा म्हणून हिणवायचं. व्वा रे न्याय!

म्हणून 2 एप्रिल 2018 चा भारत बंद झाला. कुण्या एका पुढाऱ्याची हाक नव्हती. पोरांनी मोबाईलवरून देश उठवला. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना इथं गोळ्या चालल्या. ग्वाल्हेरात पिस्तूल झाडणारा माणूस कॅमेऱ्यात दिसला, तो मोर्चातला नव्हता. देशात कमीत कमी नऊ माणसं मेली. सगळ्यात जास्त मध्य प्रदेशात, आणि तिथल्या मेलेल्यांत बहुतेक आपली. दुसऱ्या दिवशीचा मथळा तयारच होता, दलितांचा हिंसाचार!

मग काय झालं? ऑगस्ट 2018 मध्ये संसदेनं कायद्यात 18-अ कलम घातलं. ना आधी चौकशी, ना अटकेला परवानगी. 1 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाच्याच तीन न्यायमूर्तींनी, त्यात एक आमच्या शेजारच्या अमरावतीचे भूषण गवई, ते निर्देश मागे घेतले. दलित-आदिवासी एक वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतात असं धरून चालता येत नाही, असं कोर्टानंच सांगितलं. म्हणजे 2 एप्रिलला रस्त्यावरची पोरं जे ओरडत होती, ते कोर्टाला दीड वर्षानं पटलं. निकाल मागे घेता येतो. माणसं कोण मागे घेणार?

ही गोष्ट इथलीच नाही. 1972 साली आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या भावांचा देश बघा. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 1991 साली रॉडनी किंगला बडवलं. सगळ्या जगानं ते व्हिडिओत पाहिलं. खटला शहराबाहेर, गोऱ्यांच्या वस्तीत नेला. ज्युरीत एकही काळा नाही. 29 एप्रिल 1992 ला निकाल आला आणि शहर पेटलं. पन्नासाहून जास्त माणसं मेली. त्यानंतर पुन्हा खटला चालला आणि 1993 मध्ये दोन पोलीस दोषी ठरले. व्हिडिओ तोच, मार तोच. मध्ये फक्त एक शहर जळालं. पण जळालं कुणाचं? पोटासाठी दुकान टाकलेल्या कोरियन माणसाचं, आणि काळ्यांच्या स्वतःच्याच वस्तीचं. ज्यांनी निकाल दिला, त्यांच्या गल्लीत धूरसुद्धा पोचला नाही.

इथं आपण स्वतःच्या गिरेबानात बघू. खैरलांजी 29 सप्टेंबर 2006 ची. नोव्हेंबरात विदर्भातली शहरं उठली, नागपूर, कामठी, अमरावती, यवतमाळ. अमरावतीत पोलिसांच्या गोळीनं एक भाऊ गेला. गृहमंत्र्यांना त्यात नक्षलवादी दिसले. तेव्हा निकाल लागायचा होता. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी लागू केली नाही. जुलै 2010 मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी उतरवून पंचवीस वर्षांची जन्मठेप केली, आणि कारण जात नव्हे, सूड, असं म्हटलं. जात नव्हे! त्या दिवशी 2006 सारखी पेट कुठं होती? आपण दमलो होतो, गटागटांत वाटले गेलो होतो, आणि पोरं आपापल्या तारखांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती.

मी आज मुंबईच्या गोदीत कंत्राटावर आहे. जहाजावर कंटेनर आवळून बांधतो. खालचा कंटेनर सैल राहिला तर समुद्रात वरची थप्पी लवंडते. तेव्हा वरच्याला शिव्या घालून काय उपयोग? ठाण्यातला पहिला कागद हा आपला खालचा कंटेनर आहे.

26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम 4 वाचा. तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर सही-अंगठ्याआधी ती तक्रारदाराला वाचून दाखवायची, गुन्हा नोंदवायचा, प्रत द्यायची, हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. जाणूनबुजून टाळलं तर तो स्वतः गुन्हेगार. म्हणजे माझ्या बाबाला तो कागद ठाण्यात, अंगठ्याआधी, साहेबानं वाचून दाखवायला हवा होता. घरी, अंगठ्यानंतर, पोरानं नव्हे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्या रात्री रडत बसलो नसतो.

दोस्तांनो, मोर्चा सोडा असं मी म्हणत नाही. रस्ता सोडला की ते निकालही मागे घ्यायचे नाहीत, हे 2018 नं शिकवलं. पण निकालाच्या दिवशी दहा हजार आणि तक्रारीच्या दिवशी एकटा बाप, हे गणित उलटं करा. ठाण्याच्या बाकावर त्याच्या शेजारी दहा जण बसा. कागद मोठ्यानं वाचायला लावा. साक्षीदाराला निकालापर्यंत सांभाळा. तारखेला कोर्ट भरून टाका.

मग त्यांनी कोणताही निकाल देऊन बघावा!

जयभीम.