बॅटरीचा योगक्षेम

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक सामासिक शब्द आहे. जें आपणांस मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हा क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकार सांगतात. आपल्या घरांतून योगाचा विचार पुष्कळ होतो. गाडी कोणती घ्यावी, कोणत्या रंगाची घ्यावी, दसऱ्यास घ्यावी कीं पाडव्यास, यावर जेवणाच्या पंगतींत आठ-आठ दिवस चर्चा चालते. क्षेमाचा विचार मात्र दुकानदाराच्या टेबलापाशीं, तो बोट ठेवील तेथें सही करून, पांच मिनिटांत उरकला जातो. विजेवर चालणाऱ्या स्कूटरी व मोटारी आतां घरोघर येऊं लागल्या आहेत. म्हणून त्यांच्या विम्याविषयीं चार शब्द या महिन्यांत लिहावे असें मनांत आलें. निमित्त घरचेंच आहे.

२०२५ सालच्या सप्टेंबरांत सीना नदीस महापूर आला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणें महामार्गावरील वाहतूक बंद पडली, आणि माढा, मोहोळ, करमाळा या बाजूच्या कित्येक गांवांत पाणी शिरलें, हें वाचकांस आठवत असेलच. त्याच महिन्याच्या पावसानें शहराच्या सखल भागांतही पाणी भरलें. माझ्या धाकट्या बंधूंच्या अंगणांत तें गुडघाभर सांचलें, आणि तेथें उभी असलेली विजेची स्कूटर रात्रभर पाण्यांत राहिली. दुसऱ्या दिवशीं ऊन पडतांच पुतण्यानें ती फडक्यानें स्वच्छ पुसली आणि ‘चालते कीं नाहीं तें पाहूं’ म्हणून चार्जिंगला लावली. थोड्याच वेळांत जळका वास आला व गाडी मुकी झाली.

विमा उतरविलेला होता, म्हणून कोणी फारशी चिंता केली नाहीं. परंतु कंपनीचा निर्णय आला तेव्हां बिलाच्या निम्म्याहूनही कमी रक्कम मंजूर झालेली दिसली. बॅटरीच्या किंमतींतून निम्मी रक्कम झीज म्हणून वजा केली होती; जळलेला कंट्रोलर व चार्जर यांचे पैसे मुळींच नाकारले होते; आणि खबर चार दिवस उशिरां दिली म्हणून उरलेल्या रकमेंतून चौथा हिस्सा कापला होता. बंधू संतापले. “अण्णा, ही शुद्ध फसवणूक आहे, यांना ग्राहक न्यायालयांत खेचतों,” असें म्हणूं लागले. मीं म्हटलें, “आधीं विमापत्र आण. वाचल्याशिवाय भांडूं नये.” त्या संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं तें प्रथमच वाचलें, आणि लक्षांत आलें कीं, तीन वजावटींपैकीं दोन कराराप्रमाणें बरोबर होत्या व एक अन्यायाची होती. त्या तिन्ही समजून घेतल्या म्हणजे बहुतेक विषय समजतो.

प्रथम विम्याचे दोन भाग वेगळे ओळखावे. पहिला भाग कायद्याचा. आपल्या वाहनामुळें दुसऱ्या कोणास मृत्यु आला, इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेची हानि झाली, तर ती भरून देणारा हा थर्ड पार्टी विमा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें तो सक्तीचा केला, व तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. आज हीच सक्ति १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमांत आहे. विम्यावांचून वाहन चालविल्यास पहिल्या अपराधास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. या भागाचा हप्ता कंपनीच्या मर्जीवर नसून सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत विजेच्या वाहनांस १५ टक्के सूट देण्यांत आली. त्याप्रमाणें ७५ ते १५० सी. सी.च्या पेट्रोल दुचाकीस वर्षाचे ७१४ रुपये, तर ३ ते ७ किलोवॉटच्या विजेच्या दुचाकीस ६०७. १,००० ते १,५०० सी. सी.च्या मोटारीस ३,४१६, तर ३० ते ६५ किलोवॉटच्या विजेच्या मोटारीस २,९०४. नव्या दुचाकीसाठीं हा विमा एकदम पांच वर्षांचा व नव्या मोटारीसाठीं तीन वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून खरेदीच्या वेळीं आकडा मोठा दिसतो. ‘विजेच्या गाडीचा विमा स्वस्त’ हें वाक्य खरें आहे तें एवढ्यापुरतेंच.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या वाहनाचा. अपघात, आग, चोरी, पूर यांनीं त्याचें नुकसान झाल्यास हा उपयोगी पडतो. हा ऐच्छिक असून प्रत्येक कंपनी त्याचा दर आपल्या हिशेबानें ठरविते. ज्यानें केवळ पहिला भाग घेतला, त्याची गाडी पुरांत बुडाली तरी त्यास एक पैही मिळत नाहीं. या भागाचा हप्ता ‘आय. डी. व्ही.’वर, म्हणजे विमापत्रांत धरलेल्या गाडीच्या किंमतीवर बसतो. गाडीचें वय वाढेल तशी ही किंमत उतरते: सहा महिन्यांच्या आंत ५ टक्के, वर्षाच्या आंत १५, दुसऱ्या वर्षीं २०, तिसऱ्या वर्षीं ३०, चौथ्या वर्षीं ४० व पांचव्या वर्षीं ५० टक्के घट धरण्याची रूढ पद्धत आहे. विजेची गाडी मुळांतच महाग, आणि तिच्या किंमतींत फार मोठा हिस्सा एकट्या बॅटरीचा. म्हणून पहिल्या भागांत वांचलेले शंभर रुपये दुसऱ्या भागांत निघून जातात. हप्ता लहान दिसावा म्हणून कोणी आय. डी. व्ही. उतरवून देऊं लागला, तर त्या स्वस्ताईस भुलूं नये. गाडी चोरीस गेली तर तेवढ्याच आकड्यावर हिशेब होतो.

आतां पहिली वजावट. वाहन-विम्याचा जो जुना ठराविक मसुदा आहे, त्यांत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी हे भाग बदलावे लागल्यास किंमतीच्या ५० टक्के झीज वजा करावी असें म्हटलें आहे. हें लिहिलें गेलें त्या काळीं मोटारींतील बॅटरी म्हणजे दिवे व भोंगा चालविणारी ॲसिडची लहानशी पेटी होती. ती कांहीं वर्षांनीं बदलावयाचीच असल्यामुळें निम्मी झीज धरणें न्यायाचें होतें. शब्द तोच राहिला, वस्तु मात्र बदलली. विजेच्या गाडींत बॅटरी हाच प्राण, आणि तीच सर्वांत महाग. समजा, ती ६०,००० रुपयांची आहे. तर कंपनी ३०,००० देणार व उरलेले ३०,००० घरचे. भाषाशास्त्रांत यास अर्थविस्तार म्हणतात. येथें त्या विस्ताराचा खर्च विमेदाराच्या खिशांतून होतो.

यावर उपाय आहे, पण तो खरेदीच्या वेळींच करावयाचा असतो. थोडा अधिक हप्ता भरून ‘झीरो डेप्रिसिएशन’चें जोडकलम घेतां येतें; त्यामुळें झिजेची वजावट टळते. परंतु कांहीं विमापत्रांत याही कलमांतून बॅटरी वगळलेली असते, व तिच्यासाठीं निराळें संरक्षण घ्यावें लागतें. म्हणून सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. बॅटरीवर झीज धरणार कीं नाहीं? पाणी शिरून किंवा शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी व मोटर बिघडल्यास भरपाई मिळणार काय? घरचा चार्जर व केबल विम्यांत आहेत काय? उत्तरें तोंडीं घेऊं नयेत. विमापत्राच्या कोणत्या ओळींत आहेत तें दाखविण्यास सांगावें. बॅटरी नुसती जुनी होऊन क्षीण झाली, तर तो विम्याचा विषय नव्हे. तेथें कारखानदाराची हमी पाहावयाची.

दुसरी वजावट अधिक बोधप्रद आहे. बॅटरीच्या पेटींत रात्रींच पाणी शिरलें होतें. तें नुकसान पुराचें, म्हणून मान्य झालें. पण कंट्रोलर व चार्जर जळले ते भिजलेल्या गाडींत वीज सोडल्यामुळें, म्हणजे आपल्याच हातानें. मूळ आपत्तीनंतर निष्काळजीपणानें वाढविलेलें नुकसान कंपनी देत नाहीं, व ‘नुकसान वाढूं नये म्हणून विमेदारानें योग्य काळजी घ्यावी’ अशी अट विमापत्रांतच असते. सबब भिजलेली, पडलेली किंवा ठोकर लागलेली विजेची गाडी सुरू करून पाहूं नये, चार्जिंगला तर मुळींच लावूं नये. ती आहे तशी उचलून अधिकृत दुरुस्तीगृहांत न्यावी. ‘चालते कीं नाहीं तें पाहूं’ या पांच शब्दांची किंमत आमच्या घरीं कित्येक हजार झाली.

तिसरी वजावट मात्र अन्यायाची होती. खबर देण्यास उशीर झाला हें खरें. पण त्या दिवसांत रस्ते पाण्याखालीं होते व वीजही बंद होती. अपरिहार्य कारणानें उशीर झाला असेल, तर केवळ तेवढ्यावरून खरी मागणी फेटाळूं नये असें विमा नियामक प्राधिकरणानें २०११ सालींच कंपन्यांस कळविलें आहे. बंधूंनीं तारीखवार हकीकत लिहून, पाण्यांतल्या गाडीचीं छायाचित्रें जोडून, शांत भाषेंत अर्ज केला. कापलेला चौथा हिस्सा परत मिळाला. न्यायालयाची पायरी चढावी लागली नाहीं.

मागणीची रीत थोडक्यांत अशी. गाडी हलविण्यापूर्वीं चारही बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. कंपनीस त्याच दिवशीं फोनवर किंवा ॲपवर कळवून मागणीचा क्रमांक लिहून ठेवावा. चोरी झाली किंवा दुसऱ्या कोणास इजा झाली, तर पोलिसांत फिर्याद त्वरित नोंदवावी. चोरीच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं असा निर्णय दिला कीं, फिर्याद तत्काळ नोंदविलेली असल्यास कंपनीस कळविण्यांतील उशीर हें नकाराचें कारण होऊं शकत नाहीं. कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करूं नये, व बदललेले जुने भाग फेकूं नयेत. २०२४ च्या नियमांप्रमाणें सर्व्हेअर २४ तासांत नेमला जावा, त्यानें १५ दिवसांत अहवाल द्यावा, व अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनें निर्णय कळवावा. दुरुस्तीचा खर्च आय. डी. व्ही.च्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण गेली असें धरतात. बॅटरी महाग असल्यामुळें विजेच्या गाडीस ही मर्यादा लवकर गांठली जाते, आणि आय. डी. व्ही. कमी धरून घेण्याची चूक नेमकी तेथें बाधते.

एकत्र कुटुंबांस दोन-तीन सूचना अधिक. गाडी आजोबांच्या नांवावर, चालविणार नातू, अशी आपली रीत. परंतु मालक-चालकासाठीं जो १५ लाखांचा अपघात-विमा असतो, तो मालक स्वतः चालवीत असतांनाचाच. नातवासाठीं वेगळी तरतूद लागते. चालविणाऱ्याजवळ वैध परवाना नसेल, तर स्वतःच्या गाडीची मागणी फेटाळली जाते. केवळ कायद्यापुरता विमा असलेल्या दुचाकीवर मागें बसलेल्या सूनबाईंस त्या विम्याचें संरक्षण नसतें, हें तर फारच थोड्यांस ठाऊक असतें. आणि किरकोळ ओरखड्यासाठीं मागणी करूं नये: मागणी न केल्यास दुसऱ्या भागाच्या हप्त्यांत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढें २५, ३५, ४५ व अखेर ५० टक्के सूट मिळते, ती एका लहानशा बिलापायीं जाते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यासही ती बुडते.

आणखी एक. २०२२ सालीं पुणें, नाशिक येथें विजेच्या दुचाकींस आगी लागल्या. त्यानंतर सरकारनें बॅटरीचे निकष कडक केले व ते त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून लागू होऊं लागले. तरीही सोलापूरच्या उन्हाळ्यांत उन्हांतून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावूं नये, आणि रात्रीं निजण्याच्या खोलींत किंवा जिन्याखालीं बॅटरी चार्ज करूं नये. गाडीचा विमा गाडी भरून देतो. घरास लागलेली झळ भरून देत नाहीं. त्यासाठीं घराचा आग-विमा निराळा. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नांवाचें एकसारखें विमापत्र कंपन्यांकडे मिळतें.

कंपनीचा निर्णय चुकीचा वाटला, तर प्रथम तिच्याच तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी जावें. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेलें उत्तर न पटल्यास एका वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे तक्रार करतां येते. सोलापूरकरांसाठीं हें कार्यालय पुण्यास आहे. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, व ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या ऐकल्या जातात.

विम्याचें नूतनीकरण आलें तेव्हां पुतण्या वर सांगितलेले तीन प्रश्न कागदावर लिहूनच गेला, आणि उत्तरें विमापत्रांत दाखवून घेतल्यावर त्यानें सही केली. हप्ता थोडा वाढला. बंधूंनीं तो न कुरकुरतां भरला. विमापत्र आतां कपाटाच्या तळाशीं नसून दिवाणखान्यांतल्या खणांत आहे, आणि घरांतील प्रत्येकानें तें एकदां वाचलें आहे. वाचकांनींही आपलें विमापत्र आजच बाहेर काढावें, आणि त्यांत ‘बॅटरी’ हा शब्द कोठें व कशा संगतींत आला आहे तें पाहावें.