नाटकाची दोरी कोणाच्या हातीं? चिनी रंगभूमीचा धडा

नाटकांत राजकारण आणूं नये, असें सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. नाटक म्हणजे करमणूक. प्रेक्षकानें तेथें दोन घटका हसावें, डोळे पुसावे आणि घरीं जाऊन झोंपावें, असें त्यांचें मत. उलट दुसरा पक्ष म्हणतो कीं, जें नाटक चळवळीच्या उपयोगी पडत नाहीं तें काय कामाचें? आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अर्धेंच बोलतात. चार माणसें उंचावर उभीं राहून चारशें माणसांपुढें बोलूं लागलीं कीं त्यांत राजकारण आलेंच. तें टाळूं म्हटल्यानें टळत नाहीं. खरा प्रश्न हा कीं, त्या चार माणसांची दोरी कोणाच्या हातीं? चीन देशांत गेल्या सवाशें वर्षांत हा प्रश्न जितका लख्ख दिसला तितका दुसरीकडे क्वचितच दिसला असेल. म्हणून ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, जुन्या चीनांत नाटक सर्वांना हवें होतें, पण नट कोणाला नको होता. गाण्याचें, नाचाचें, तोंडाला रंग फासून करावयाचें जुनें नाटक बादशहाच्या वाड्यापासून खेड्यांतल्या देवळापर्यंत चाले. परंतु तें करणारा मनुष्य हलक्या वर्गांत मोडे. चिंग घराण्याच्या राज्यांत नटाच्या मुलानातवांना सरकारी परीक्षेस बसण्याची मनाई होती. आणि परीक्षा नाहीं म्हणजे हुद्दा नाहीं, हुद्दा नाहीं म्हणजे मान नाहीं. ज्याच्या कलेवर टाळ्या वाजवावयाच्या त्याच्याच पोराला परीक्षेच्या दारांतून हांकलावयाचें, हा न्याय कसला तें आमच्या वाचकांना फोड करून सांगावयास नको. या परीक्षा १९०५ मध्यें बंद झाल्या आणि दोनच वर्षांनीं नवें नाटक जन्मास आलें.

तें जन्मलें मात्र परदेशांत. जपानांत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांनीं तोकियो शहरीं ‘चुनल्यू’ नांवाची मंडळी काढली होती. १९०७ च्या फेब्रुवारींत तिनें पहिला प्रयोग केला तो मायदेशांतल्या पूरग्रस्तांसाठीं पैसा जमविण्याकरितां. त्याच वर्षीं जूनमध्यें तिनें अमेरिकेंतील काळ्या गुलामांवर पांच अंकी नाटक केलें. हॅरिएट बीचर स्टो या बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी लिन शू व वै यी या दोघांनीं १९०१ मध्यें चिनी भाषेंत आणली होती. तिच्यावरून हें नाटक रचलेलें. त्याचा शेवटचा अंक बर्फाच्या कड्यावर गुलाम पाठलाग करणाऱ्यांशीं झुंजतात, असा होता. परकीयांच्या टांचेखालीं पडलेल्या देशाचीं मुलें दुसऱ्या खंडांतल्या गुलामाच्या तोंडून आपलेंच दुःख बोललीं. जोतीरावांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलाम मोकळे करणाऱ्या लोकांस अर्पण केलें होतें. चिनी मुलांना चौतीस वर्षांनीं तोच आरसा सांपडला.

या नव्या नाटकांत गाणें गौण, रोजचें बोलणें मुख्य. बोलणें आलें म्हणजे प्रश्न आले. १९१९ मध्यें हू श यांनीं एक लहान नाटक छापलें; त्यांत आईबापांनीं ज्योतिष व कुळाचार पुढें करून लग्नास आडकाठी घातलेली मुलगी चिठ्ठी ठेवून घर सोडते. मुलींच्या शाळेंत तें करावयाचें ठरलें, पण घरांतून निघून जाणारी मुलगी व्हावयास कोणी विद्यार्थिनी धजेना! चारच वर्षांनीं, १९२३ मध्यें, अमेरिकेंत नाट्यशास्त्र शिकून आलेले हुंग शेन यांनीं शांघायला एक युक्ति केली. एकाच रात्रीं दोन नाटकें लावलीं. पहिल्यांत बायकांचीं कामें बायकांनीं केलीं. दुसऱ्यांत जुन्या चालीप्रमाणें पुरुष लुगडीं नेसल्यासारखे मुरडत आले आणि प्रेक्षकांना हसूं आवरेना. व्याख्यान नाहीं, ठराव नाहीं. तुलना डोळ्यांपुढें ठेवली आणि त्या मंडळींतला स्त्रीपार्टी नट गेला. निकाल प्रेक्षकांनीं दिला, हें येथें विसरूं नये.

पण आम्हां खेड्यांतल्या मास्तरांना सर्वांत जवळची वाटते ती दिंगश्येन तालुक्याची गोष्ट. हपे प्रांतांतल्या या तालुक्यांत येन यांग-चू यांच्या साक्षरताप्रसाराच्या संस्थेनें काम मांडलें होतें. १९३२ मध्यें तेथें श्युंग फोशी हे नाटककार येऊन राहिले. हे गृहस्थ कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले. मनांत आणतें तर पेकिंगांत खुर्ची उबवीत बसते. त्यांनीं शेतकऱ्यांनाच नट केलें, गांवोगांव त्यांच्या मंडळ्या बांधल्या, उघड्या माळावर मातीचे रंगमंच उठविले. १९३५ च्या सुमारास त्यांनीं ‘नदी ओलांडणें’ अशा अर्थाचें नाटक बसविलें. नदीवरच्या होड्या एका धनिकाच्या मुठींत. पलीकडे जावयाचें तर त्याचें भाडें मोजावें. गांवकरी एका शिकलेल्या तरुणाच्या जोडीनें पूल बांधावयास घेतात. प्रयोगांत नट प्रेक्षकांमधून येत, प्रेक्षक रंगमंचावर जात. पाहणारा कोण आणि करणारा कोण ही भिंतच काढून टाकलेली. संस्थेला पैसा पुष्कळसा अमेरिकेंतून येई, हें खरें, आणि म्हणून ती निखळ शेतकऱ्यांची होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण रंगमंच गांवचा होता. १९३७ मध्यें जपानी फौजा आल्या आणि तें सगळें मोडलें.

जपानाच्या स्वारीनें चिनी नाटक रस्त्यावर आणलें. ‘टाक तो चाबूक’ अशा अर्थाचें एक छोटें नाटक त्या काळांत चौकाचौकांत झालें. म्हातारा डोंबारी आणि त्याची मुलगी खेळ करतात. उपाशी मुलगी गातां गातां कोसळते. बाप चाबूक उगारतो. इतक्यांत गर्दींतून एक तरुण ओरडत पुढें येतो. मग मुलगी सांगते कीं, बापाचा दोष नाहीं, जपान्यांनीं आमचा ईशान्येचा मुलूख घेतला म्हणून आम्ही देशोधडीस लागलों. तो तरुणही नटच असे. पण पाहणाऱ्याला वाटे कीं आपल्यांतलाच एकजण बोलला.

त्याच काळांत साम्यवादी पक्षाचें ठाणें येनान येथें होतें. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्यें तेथें पोंचले आणि १९४२ च्या डिसेंबरांत हपे प्रांतांत जखमी सैनिकांची सेवा करतां करतां वारले. त्याच १९४२ सालीं मे महिन्यांत माओ त्से-तुंग यांनीं येनानला लेखक-कलावंतांची सभा घेऊन सांगितलें कीं, कला ही कामकरी, शेतकरी व शिपाई यांच्यासाठीं. आणि तिची परीक्षा करतांना राजकारणाची कसोटी पहिली, कलेची दुसरी. यांतून १९४५ मध्यें ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ हें संगीत नाटक निघालें. कर्जांत बुडालेला यांग बायलाव हा कूळ. जमीनदार वर्षाच्या अखेरच्या दिवशीं त्याच्याकडून मुलगी लिहून घेतो. बाप विष पिऊन मरतो. बाटलेली मुलगी डोंगराच्या गुहेंत पळून जाते आणि तेथें तिचे केस पांढरे होतात. लोक तिला भूत समजतात. शेवटीं साम्यवादी पक्षाचें सैन्य तिला गांवांत परत आणतें. सावकाराच्या वहीवर आंगठा उठविणाऱ्या कुणब्याला हें नाटक समजावयास दुभाषा लागणार नाहीं.

या नाटकाची एक बारीक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पहिल्या प्रयोगांत शेवटीं जमीनदाराला गोळी घालीत नसत. तें पाहणाऱ्या साध्या माणसांना रुचलें नाहीं. पक्षाच्या वरिष्ठांकडूनही सांगणें आलें कीं, त्याला गोळी घातलीच पाहिजे. शेवट बदलला. त्या दिवशीं खालचा आवाज आणि वरचा हुकूम एकच निघाला, म्हणून या दोहोंत फरक आहे हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तो फरक पुढें दिसला, आणि भयंकर रीतीनें दिसला.

१९४९ मध्यें राज्य पक्षाच्या हातीं आलें. नटाला मान मिळाला, पगार मिळाला, नाट्यगृहें मिळालीं. हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याबरोबर दोरीही गेली. तेविसाव्या वर्षीं ‘गडगडाट’ लिहून देश हालविणारे त्साओ यू १९५२ मध्यें पेकिंगच्या लोककला नाट्यगृहाचे मुख्य झाले आणि त्यांची लेखणी जवळजवळ थांबली. १९९६ पर्यंत जगले, पण नवीं नाटकें मोजकींच. गरिबींत वाढलेले लाओ शे यांनीं पेकिंगच्या एका घाणेरड्या नाल्याची दुरुस्ती झाली त्यावर नव्या सरकारची वाखाणणी करणारें नाटक लिहिलें; १९५१ मध्यें त्यांना ‘लोककलावंत’ ही पदवी मिळाली. १९६६ च्या ऑगस्टांत त्याच शहरांत लाल रक्षक पोरांनीं त्यांना गुडघ्यांवर बसवून बडविलें, आणि दुसऱ्या दिवशीं ते तळ्याकडे गेले ते परत आले नाहींत.

हा सगळा वणवा पेटला तोही एका नाटकाच्या निमित्तानें. इतिहासकार व पेकिंगचे उपमहापौर वू हान यांनीं हाय रुई या मिंग काळांतल्या करड्या अधिकाऱ्यावर नाटक लिहिलें. तें १९६१ मध्यें झालें. हाय रुई धनदांडग्यांनीं लुबाडलेली जमीन शेतकऱ्यांस परत देववितो आणि त्यापायीं नोकरीस मुकतो. गंमत ही कीं, हाय रुईसारखें निर्भीड व्हा, असें १९५९ मध्यें खुद्द माओंनींच सांगितलें होतें! पण त्याच वर्षीं शेतकऱ्यांचे हाल बोलून दाखविणारे सेनापति फंग द-ह्वाय बडतर्फ झाले, आणि मग बडतर्फ झालेला प्रामाणिक अधिकारी रंगमंचावर कोणाला सोसणार? १९६५ च्या १० नोव्हेंबरला शांघायच्या वर्तमानपत्रांत त्या नाटकावर हल्ला छापून आला. नाटकाचें परीक्षण तें. पण त्यांतून दहा वर्षांचा कहर उठला. वू हान १९६९ मध्यें तुरुंगांत मेले.

पुढें माओंच्या पत्नी च्यांग छिंग यांनीं रंगभूमीची सूत्रें हातीं घेतलीं. याच बाईंनीं १९३५ मध्यें शांघायला इब्सेनच्या नाटकांतली नोरा केली होती. नवऱ्याच्या घराचा दरवाजा ओढून बाहेर पडणारी नोरा! आतां त्यांनीं देशाचे सारे दरवाजे लावून घेतले. जुनें नाटक बंद, नवें बंद. १९६७ मध्यें आठ ‘नमुनेदार’ कलाकृति ठरल्या आणि कोट्यवधि लोकांनीं त्याच पाहावयाच्या व ऐकावयाच्या. त्यांत ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ही नृत्यरूपानें होती; पण आतां यांग बायलाव विष पीत नव्हता. तो जमीनदाराशीं लढून मार खाऊन मरे. गरीब मनुष्य हताश होऊन मेला, हें दाखविणें सत्तेला कमीपणाचें वाटूं लागलें. म्हणजे कुळाचा खरा मृत्यूही त्याच्याकडून काढून घेतला.

सर्वांत कडू हकीकत त्येन हान यांची. चीनच्या राष्ट्रगीताचे शब्द त्यांचे, १९३५ मधील. ते जन्मभर नाटकासाठीं राबले. १९६८ च्या डिसेंबरांत ते कैदेंत, इस्पितळांत खोट्या नांवाखालीं ठेवलेले असतांना मेले. त्या काळांत राष्ट्रगीताचा सूर वाजे, शब्द म्हणत नसत. कारण शब्द लिहिणारा ‘देशद्रोही’ ठरला होता! १९७९ मध्यें त्यांच्यावरचा कलंक पुसला गेला आणि १९८२ मध्यें त्यांचे शब्द परत आले.

माओ १९७६ मध्यें वारले. नंतर १९७८ मध्यें शांघायच्या कारखान्यांतला कामगार झुंग फूश्येन यानें, १९७६ च्या तियानानमेन चौकांतल्या शोकसभेबद्दल छळल्या गेलेल्या माणसांवर नाटक लिहिलें. कामगारांच्या हौशी मंडळीनें तें केलें. आणि सरकारनेंही त्याच नोव्हेंबरांत तो कलंक मागें घेतला. रंगभूमीला वाटलें, आपण सुटलों. परंतु १९७९ मध्यें बड्या अधिकाऱ्याचा मुलगा असल्याची बतावणी करून सगळ्या सवलती उपटणाऱ्या तरुणावर नाटक आलें, आणि पुढच्याच वर्षीं तें बंद पडलें. गाओ शिंगच्येन यांच्या १९८३ च्या नाटकांत लोक दहा वर्षें मोटारीची वाट पाहतात व ती थांबत नाहीं, तेंही बंद. ते १९८७ मध्यें देश सोडून गेले. १९८९ च्या कत्तलीवर नाटक लिहिल्यावर त्यांच्या ग्रंथांवर बंदी आली. २००० मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें फ्रान्सचे नागरिक म्हणून.

यावर कोणी म्हणेल, मग नाटकवाल्यांनीं राजकारणाच्या वाऱ्यासही उभें राहूं नये हेंच खरें ना? नव्हे! दिंगश्येनचा पूल, चौकांतला चाबूक, कर्जांत बुडालेला यांग बायलाव, हीं राजकारणाचींच नाटकें होतीं आणि त्यांनीं मुक्यांना वाचा दिली. बिघडलें तें निराळें. ज्यांच्यासाठीं नाटक केलें त्यांना ‘हें खोटें आहे’ असें म्हणावयाचा अधिकार उरला नाहीं. तो एका कचेरीकडे गेला. एखादी रंगभूमि पारखावयाची असेल तर तिच्यावर दुष्ट म्हणून कोणाला दाखवितात एवढेंच पाहून भागत नाहीं. कोणाला दुष्ट दाखवितां येत नाहीं, तें विचारावें. १९४५ मध्यें जमीनदाराला दाखवितां आलें. १९६१ मध्यें जमीन लुबाडणाराला दाखविलें तर लेखक तुरुंगांत मेला.

ही कसोटी लांबच्या देशापुरती नाहीं. आम्हां शिक्षकांना वरून कागद येतो: अमुक मोहिमेवर मुलांकडून पथनाट्य बसवा. आम्ही बसवितों. त्यांत अडाणी कोण? गांवकरी. घाण कोण करतो? गांवकरी. ज्या कचेरीनें दोन वर्षें नळाला पाणी दिलें नाहीं, ती त्या नाटकांत कधींच येत नाहीं. शिक्षकबंधूंनो, पुढच्या खेपेस एक पात्र वाढवा. खालीं बसलेल्या म्हातारीला मध्येंच उठून बोलूं द्या. तिचें बोलणें जर वरच्यांना सोसलें, तर नाटक गांवचें आहे असें समजा. आणि न सोसलें, तर दोरी कोणाच्या हातीं आहे तें मुलांनाही त्याच दिवशीं कळेल.