तीस दिवसांचा राष्ट्राध्यक्ष आणि घाईचे निकाल: जेराल्ड फोर्ड, १९७४

८ सप्टेंबर १९७४, रविवार. सकाळची प्रार्थना आटोपून राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड चर्चमधून व्हाइट हाउसमध्ये परतले आणि अकराच्या सुमारास कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी एक निवेदन वाचले. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात रिचर्ड निक्सन यांनी केलेल्या, किंवा त्यांनी केले असू शकतील अशा, संघराज्याविरुद्धच्या सर्व गुन्ह्यांबद्दल त्यांना संपूर्ण क्षमा देण्यात आली. फोर्ड यांना पदावर येऊन त्या दिवशी तीस दिवस झाले होते.

ऑगस्टच्या मध्यास गॅलपच्या चाचणीत ७१ टक्के अमेरिकनांनी फोर्ड यांच्या कारभाराला पसंती दिली होती. सप्टेंबरअखेरीस ती ५० टक्क्यांवर आली. या घसरणीत डेमोक्रॅट पक्षाला जनतेचा जागा झालेला विवेक दिसला, तर रिपब्लिकन पक्षातील फोर्डसमर्थकांना धैर्याची चुकवावी लागलेली किंमत दिसली. पन्नास वर्षे उलटून गेली तरी हा वाद मिटलेला नाही. मिटल्यासारखा वाटतो तेव्हाही तो केवळ बाजू बदलत असतो.

नव्या राष्ट्राध्यक्षाला पहिल्या काही आठवड्यांतच तराजूत घालण्याची ही सवय तशी अलीकडची. 'शंभर दिवस' हा शब्दप्रयोग मुळात नेपोलियनच्या १८१५ मधील पुनरागमनाशी जोडलेला. अमेरिकेत तो रुजला तो फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यामुळे. ९ मार्च ते १६ जून १९३३ या काळात काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाने बँका, शेती, उद्योग, बेरोजगारी यांवरचे कायदे धडाक्याने संमत केले आणि २४ जुलैच्या रेडिओ भाषणात रूझवेल्ट यांनीच त्या शंभर दिवसांचा उल्लेख केला. महामंदीत बँका कोसळत असताना आणि काँग्रेसमध्ये स्वपक्षाचे प्रचंड बहुमत असताना जे घडले, ते पुढे प्रत्येकाला लावण्याचे माप बनले. एका माणसाच्या अंगाचा अंगरखा साऱ्या गावाला घालून पाहण्यासारखेच हे.

फोर्ड यांच्या अंगावर तर तो मुळीच बसणारा नव्हता. ते राष्ट्राध्यक्षपदावर निवडून आले नव्हते आणि उपराष्ट्राध्यक्षपदावरही नाही. स्पायरो अॅग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार निक्सन यांनी त्यांचे नाव सुचवले, काँग्रेसने मान्यता दिली आणि ६ डिसेंबर १९७३ रोजी ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. आठ महिन्यांनी वॉटरगेट प्रकरणात निक्सनच पायउतार झाले. राष्ट्राध्यक्ष वा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून एकाही मतदाराने न निवडलेला माणूस व्हाइट हाउसमध्ये आला, तोही दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षाचे बहुमत असताना.

तरी पहिला महिना सुखाचा गेला. नवे राष्ट्राध्यक्ष न्याहारीचे मफिन स्वतःच्या हाताने भाजतात, याचे वृत्तपत्रांना केवढे कौतुक! हे कौतुक फोर्ड यांच्या कारभाराचे नव्हतेच. मोजण्याजोगा कारभार तोवर झालाही नव्हता. ते निक्सन नव्हते, एवढ्याचेच ते कौतुक होते. ५० टक्क्यांवरून फोर्ड यांना नापास ठरवणाऱ्यांनी ७१ टक्क्यांचा आकडाही तितक्याच संशयाने पाहायला हवा होता. जून १९४५ मध्ये ट्रुमन यांना ८७ टक्के पसंती होती. ती युरोपातील विजयाची होती. एप्रिल १९६१ मध्ये क्युबातील बे ऑफ पिग्जची मोहीम पुरती फसल्यावर केनेडी यांची पसंती ८३ टक्क्यांवर पोहोचली. अपयशाने लोकप्रियता वाढवणारे माप कारभार मोजत नसते, हे उघड आहे.

आता त्या क्षमेकडे वळावे. भारतीय वाचकाला तिच्यातील एक गोष्ट लगेच खटकेल. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपती क्षमा करतात ती दोषी ठरलेल्या व्यक्तीला. अमेरिकेत खटला उभा राहण्यापूर्वीही क्षमा देता येते. निक्सन यांच्यावर आरोपपत्रसुद्धा दाखल झालेले नव्हते. म्हणजे नेमक्या कोणत्या गुन्ह्याला क्षमा झाली, हे क्षमापत्रात नोंदलेलेच नाही.

फोर्ड यांची बाजू दुबळी नव्हती. विशेष अभियोक्ता लिऑन जॉवर्स्की यांच्या मते इतक्या प्रसिद्धीनंतर निष्पक्ष ज्यूरी निवडण्यासाठी नऊ महिने ते वर्षभर, कदाचित त्याहूनही अधिक काळ थांबावे लागले असते. त्यापुढे खटला, मग अपिले. महागाई ११ टक्क्यांच्या घरात गेलेली, व्हिएतनामची जखम उघडी, आणि व्हाइट हाउसचा दिवस मात्र माजी राष्ट्राध्यक्षाच्या कागदपत्रांत जाणार. हे संपवायचे तर एका घावात संपवावे, असा तो विचार होता.

परंतु विरोधकांचे आक्षेपही निव्वळ पक्षीय नव्हते. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मान्यतेसाठी नोव्हेंबर १९७३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली, तेव्हा फोर्ड यांना विचारले गेले होते की राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला तर उत्तराधिकारी त्याच्यावरील खटला थांबवू शकेल काय. जनता ते खपवून घेणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले होते. २८ ऑगस्ट १९७४ च्या पहिल्या पत्रकार परिषदेत त्यांनी क्षमेचा पर्याय खुला ठेवला, मात्र कायदेशीर प्रक्रिया सुरू होण्याआधी कोणतेही वचन देणे अकाली ठरेल असे सांगितले. प्रक्रिया सुरू झालीच नाही, आणि अकराव्या दिवशी क्षमापत्रावर सही झाली. काँग्रेसला विश्वासात घेतले गेले नाही, देशाच्या मनाची तयारी केली गेली नाही. निक्सन यांच्याकडून गुन्ह्याची कबुलीही घेतली गेली नाही. सॅन क्लेमेंटेहून आलेल्या त्यांच्या निवेदनात चुकांबद्दल खेद होता, गुन्ह्याचा उच्चार नव्हता.

सर्वांत कठोर निषेध विरोधी बाकावरून आला नाही. फोर्ड यांचे वृत्तसचिव जेराल्ड टरहॉर्स्ट हे त्यांचे जुने मित्र. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. सदसद्विवेकापोटी व्हिएतनाम युद्धात जाण्याचे टाळणाऱ्या तरुणांना अशी बिनशर्त क्षमा मिळत नसेल, तर निक्सन यांच्या क्षमेचे समर्थन आपण करू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. आठच दिवसांनी फोर्ड यांनी त्या तरुणांसाठी सवलत जाहीर केली खरी, पण ती सशर्त होती, काही काळ समाजसेवा करण्याच्या अटीवर. ती उजव्यांना जास्त वाटली, डाव्यांना अपुरी. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नेल्सन रॉकफेलर यांचे नाव सुचवल्याने रिपब्लिकन पक्षातील पुराणमतवादी आधीच दुखावले होते. त्यामुळे १९७४ चा वाद सरळ दोन पक्षांतला नव्हता. तो तसा होता, ही आठवण नंतर घडवली गेली.

त्या रविवारची आणखी एक गोष्ट फोर्ड यांचे स्तुतिपाठक क्वचितच सांगतात. क्षमेसोबतच निक्सन यांच्या कागदपत्रांविषयी आणि ध्वनिफितींविषयीचा एक करार जाहीर झाला होता. पाच वर्षांनंतर निक्सन यांना हव्या त्या फिती नष्ट करवता येणार होत्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर उरलेल्याही नष्ट व्हायच्या होत्या. म्हणजे खटला तर नाहीच, आणि पुढच्या पिढ्यांसाठी पुरावाही नाही. यावर झालेला गदारोळ पक्षीय होता का? काही अंशी होताच. पण त्याच गदारोळातून काँग्रेसने कायदा केला, डिसेंबर १९७४ मध्ये फोर्ड यांनीच त्यावर सही केली आणि फिती सरकारच्या ताब्यात राहिल्या. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरवला. नोव्हेंबर १९७१ मधील इंदिरा गांधी यांच्या वॉशिंग्टन भेटीनंतर निक्सन आणि किसिंजर त्यांच्याविषयी कोणत्या भाषेत बोलले, हे आज भारतीय वाचकाला ठाऊक आहे ते या फिती वाचल्या म्हणून. पहिल्या महिन्यातील टीका त्या वेळी 'घाईची' म्हणून गप्प केली गेली असती, तर बांगलादेश युद्धाच्या इतिहासाचे एक अस्सल साधन हातचे गेले असते.

म्हणून 'काळच ठरवील' हे वाक्य जितके समंजस वाटते तितके ते निरुपद्रवी नाही. नव्या राष्ट्राध्यक्षाचे समर्थक ते ढालीसारखे वापरतात, विरोधकांची सत्ता आली की तीच ढाल खाली ठेवतात. आणि काही निर्णयांबाबत काळाला ठरवण्यासारखे काही उरतच नाही. ८ ऑक्टोबर १९७४ रोजी फोर्ड यांनी महागाईला चाबकाने झोडपण्याची मोहीम जाहीर केली. लोकांनी छातीला बिल्ले लावावेत, काटकसर करावी, आणि वरच्या उत्पन्न गटावर व कंपन्यांवर ५ टक्के अधिभार बसावा, अशी ती योजना. टीकाकारांनी पहिल्याच आठवड्यात तिची टिंगल केली. अर्थव्यवस्था त्या वेळी मंदीत शिरत होती. जानेवारीत फोर्ड यांनी अधिभार सोडून करकपात मांडली. त्या बिल्ल्यांचे पुनर्मूल्यमापन करायला कोणी पुढे आलेले नाही, येण्याची शक्यताही नाही. घाईचा निकाल येथे अचूक ठरला.

१७ ऑक्टोबरला फोर्ड स्वतः प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक उपसमितीसमोर हजर झाले. पदावरील राष्ट्राध्यक्षाने असे साक्षीला येणे विलक्षणच होते. निक्सन यांच्याशी कोणताही सौदा झाला नव्हता, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. सौद्याचा पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही. ज्यांना आधीच विश्वास होता त्यांचा तो दृढ झाला, ज्यांना नव्हता त्यांचा बसला नाही. ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधिगृहात ४९ जागा वाढवल्या. शंभर दिवस भरायला तेव्हा आणखी बारा दिवस बाकी होते.

१ जानेवारी १९७५ रोजी मिचेल, हाल्डमन आणि अर्लिकमन या निक्सन यांच्या निकटवर्तीयांना दोषी ठरवण्यात आले. त्यांनी प्रत्येकी दीड वर्षाच्या आसपास तुरुंगवास भोगला. ज्यांच्यासाठी हे सारे केले गेले ते मात्र कॅलिफोर्नियात आठवणी लिहीत होते. क्षमेने देश शांत झाला असेलही. पण कायद्यासमोर सारे समान या तत्त्वाने त्याची किंमत मोजली, आणि ती फोर्ड यांच्या धैर्याच्या गौरवगाथेत वजा करून चालत नाही.

१९७६ मध्ये फोर्ड थोडक्यात हरले. जानेवारी १९७७ मध्ये शपथ घेताच जिमी कार्टर यांनी देशाच्या जखमा भरण्यासाठी केलेल्या प्रयत्नांबद्दल त्यांचे आभार मानले. मे २००१ मध्ये केनेडी कुटुंबाशी निगडित संस्थेने धैर्याचा पुरस्कार फोर्ड यांना दिला. १९७४ मध्ये क्षमेला कडाडून विरोध करणारे सिनेटर टेड केनेडी त्या समारंभात म्हणाले की काळाने फोर्ड यांना बरोबर ठरवले. तेव्हापासून हा प्रसंग 'इतिहासाने न्याय केला' याचा पाठ म्हणून सांगितला जातो.

येथे थोडे थांबून पाहावे. डिसेंबर १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी इराण-काँट्रा प्रकरणात वाइनबर्गर यांना खटला उभा राहण्याआधीच क्षमा केली, तेव्हा रिपब्लिकन समर्थक आणि डेमोक्रॅट विरोधक अशी मांडणी झाली. जानेवारी २००१ मध्ये जाता जाता क्लिंटन यांनी फरार उद्योजक मार्क रिच यांना क्षमा केली, तेव्हा संतापाची बाजू बदलली. त्या वेळी कार्टर यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचा उघड निषेध केला. अशी माणसे मोजकी असतात. पक्षीय निकाल आणि न्यायबुद्धीचा निकाल यांतला फरक त्यांच्यामुळे दिसतो. केनेडी यांचे मत बदलणे उदार होते. तरी सत्तावीस वर्षांनी, प्रतिस्पर्धी राजकारणातून केव्हाच निवृत्त झालेला असताना दाखवलेले औदार्य तुलनेने स्वस्त असते, हेही नोंदवायला हवे.

फोर्ड स्वतः आपल्या पाकिटात १९१५ च्या एका सर्वोच्च न्यायालयीन निकालातील उतारा बाळगत. क्षमा स्वीकारण्यात अपराधाची कबुली अध्याहृत असते, अशा आशयाचा. निक्सन यांनी जे तोंडाने म्हटले नाही ते क्षमा स्वीकारून म्हटले, असे त्यांचे समाधान होते.

१ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरील अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आपल्या विरोधी मतात १९७४ च्या त्याच क्षमेचा दाखला दिला: माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालूच शकत नसता, तर फोर्ड यांना क्षमा देण्याची आणि निक्सन यांना ती घेण्याची गरजच काय होती? ज्या कागदाने एका राष्ट्राध्यक्षाला कायद्यापासून वाचवले, तोच कागद राष्ट्राध्यक्ष कायद्याच्या वर नसतो याचा पुरावा म्हणून न्यायालयात मांडला गेला. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि ते मत अल्पमतात राहिले.