पंचनाम्याला हवेत वैज्ञानिक

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळभेट बंधनकारक केली. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. एवढे तज्ज्ञ येणार कुठून? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञान शिकवणाऱ्या शासकीय संस्था आहेत, विद्यार्थीही उत्सुक आहेत. गुन्हेगारी मालिका पाहून येणाऱ्यांना मात्र आवर्जून सांगतो: आधी रसायनशास्त्र पक्के करा. विषशास्त्र असो, डीएनए वा सायबर, नमुना कुणी, कधी सीलबंद केला याची नोंद तुटली की उत्तम अहवालही उलटतपासणीत कोसळतो. बँका, विमा कंपन्यांतही संधी आहेत. पण सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाकडे कच्चा कैदीही डोळे लावून बसलेला असतो. त्या प्रयोगशाळांत कंत्राटी नव्हे, कायम पदे भरली पाहिजेत.